बाभळीची काडी

सन एकोणीसशे चोपन्नचा हिवाळा, ज्वारी हुरड्यावर आली होती. माझ्या हिरड्या सुजल्या. भाकर चावली की रक्त यायचे, पुढचे दोन दात हलायचे. रक्त येते म्हणून मी घासणेच सोडले, नुसती तंबाखूची मिस्री लावायचो, तरी चैन पडेना. शेवटी अनसिंगहून वाशीमला डॉक्टरकडे गेलो.

डॉक्टरने दातांवरचे कीट खरवडले. म्हणाला, "घासत काहून नाही?"

"रक्त येते."

"घासत नाही म्हणून येते. मिस्री सोडा, मिठाच्या पाण्याने चुळा भरा, रोज बाभळीच्या नरम काडीने घासा. नाहीतर दात जातील."

माझ्या बाभळी मी वखरासाठी तोडून टाकल्या होत्या. उरली शेजारच्या शेतातल्या सखारामच्या धुऱ्यावरची, म्हणजे आमच्या मधल्या बांधावरची, आणि त्या धुऱ्याच्या भांडणावरून आमचे बोलणे बंद होते. सकाळी मी धुऱ्यावर नुसत्या येरझारा घातल्या. हात वर जाईना. सखाराम पाहत होता. तोच आला, काडी तोडून हातात दिली.

"माह्याशी तोंड बंद ठेवतं त ठेव, पण साफ ठेव."

रोज काडी घेतली. रक्त थांबले, दात टिकले. पण त्याचे उपकार अंगावर राहिले, ते टोचत होते.

उन्हाळ्यात सखारामच्या हिरड्या सुजल्या. त्यानेही घासणे सोडल्याचे कळले. मी त्याच्या दारात बैलगाडी उभी केली.

"बस."

"कायले?"

"वाशीमले. घासत नाहीस म्हणून रक्त येते."

डॉक्टरकडून संध्याकाळी परतलो. उतरताना तो म्हणाला, "काडीचं फिटलं."

मी घरी न जाता त्याच्याच दारात बैल सोडले.