दुसऱ्या बाजूचा टाका

सन्माननीय अध्यक्षमहाशय, व्यासपीठावरील मान्यवर डॉक्टर, ऑपरेशन थिएटरच्या सर्व सिस्टर, जमलेले बंधुभगिनी, आणि आज निवृत्त होणाऱ्या आमच्या सर्जन मॅडम,

मॅडमच्या कौतुकाची भाषणं आपण ऐकलीत. मी डॉक्टर नाही, त्यांची पेशंट आहे. पेशंटच्या हाती माइक दिला की काय होतं, ते अध्यक्षांना आता कळेलच!

शाळेत असताना एकदा माझं पोट भयंकर दुखायला लागलं. पाळीचं असेल म्हणून घरी शेकत बसलो. इथे पोचेपर्यंत उजव्या अंडाशयाला बसलेल्या पिळानं ते काळंठिक्कर पडलं होतं. काढावं लागलं. काढलेलं नातेवाइकांना दाखवायची पद्धत असते ना? थिएटरच्या दारात तो ट्रे बघून आईनं पदरानं डोळे झाकले.

मॅडम म्हणाल्या, "डावंही सैल आहे. त्यालाही पीळ बसू शकतो. आत्ताच टाका घालून जागेवर बांधू का?"

काका म्हणाले, "चांगल्याला सुई कशाला लावता? पोरीचं लग्न व्हायचंय."

काकांपुढे बोलायची आमच्या घरात कुणाची बिशाद होती? टाका राहिला.

पुढच्याच वर्षी डाव्याला पीळ बसला. मॅडमनी तो सोडवला, गरम ओलं फडकं ठेवून रंग परतायची वाट पाहिली. रंग जेमतेम परतला. तरी त्यांनी ते काढलं नाही, टाके घालून जागेवर ठेवलं. ट्रेशिवाय बाहेर आल्या तेव्हा आईनं त्यांचे रिकामे हात डोळ्यांना लावले.

टाके टिकले. अंडाशय मात्र सुकत गेलं. मला मूल होणार नाही. शेवटच्या आजारात आई सारखी विचारायची, "आहे ना गं जागेवर?" मी म्हणायचे, "आहे." खोटं नव्हतं ते.

काका मागच्या रांगेत बसलेत. माझा राग गेलेला नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.

नंतर मॅडमनी माझी परवानगी मागितली. तेव्हापासून अशा मुलींच्या घरच्यांना ट्रे दाखवताना त्या आधी माझी गोष्ट सांगतात, मग दुसऱ्या बाजूच्या टाक्याचं विचारतात. अजून कुणी नाही म्हटलेलं नाही. पण उद्यापासून मॅडम इथे नसतील. त्यांच्या जागी येणारे डॉक्टरसाहेब, आता ट्रे तुम्ही दाखवाल. गोष्टही तुम्हीच सांगा. माझी परवानगी आहे.

मला बोलू दिलंत, आयोजकांची आभारी आहे. समारंभाला न शोभणारं काही बोलून गेले असेन, तर तेवढं पोटात घाला.