फोटोतली मूठ

— नाही गं, मूठ इतकी आवळू नकोस. टोचत असताना कुणी एवढं आवळतं का? सिनेमात तू माझं काम करणार ना, मग नीट बघ. हात वर, पण कोपर जरासं वाकलेलं, आणि चेहरा वैतागलेला. हो, वैतागलेलाच. वर्तमानपत्रात फोटोखाली छापलं होतं, ‘डोळ्यांत अंगार’ — अंगार कसला, ऊन येत होतं डोळ्यांवर. तेव्हा लग्न व्हायचं होतं माझं. आमच्या तलावाचं पाणी कारखाना टँकर भरभरून न्यायचा आणि आमचे नळ कोरडे, म्हणून त्या दिवशी सगळ्या बाया कारखान्याच्या फाटकाशी जाऊन बसल्या होत्या. मला उशीर झाला, आई सोडेचना. पळत रस्ता ओलांडायला गेले तर चप्पल रुतली डांबरात, आणि समोरून टँकर. मी कुठली टँकर अडवतेय, मीच अडकले होते. मग ह्यांनी ब्रेक — म्हणजे त्या ड्रायव्हरने ब्रेक दाबला, खाली उतरला आणि वाकून माझी चप्पल उपटायला लागला. निघेना मेली. तोवर मागे टँकरांची ही रांग, हॉर्नवर हॉर्न, आणि ते बघून बाया आल्या धावत, बसल्या चाकांपुढे. झालं. लढा यशस्वी.

हसतेस काय — रेडिओवरचं नाटक ऐकायला हवं होतंस. त्यात मी भाषण करते, टँकर अंगावर येत असताना, मध्ये श्वाससुद्धा न घेता. आणि ड्रायव्हर हसतो — असा गडगडाटी, की आमचं मांजर पलंगाखाली जाऊन बसलं. शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात त्याला कानापर्यंत मिशा काढल्यात. टीव्हीच्या मालिकेत तर हातात चाबूक दिला. टँकरच्या ड्रायव्हरला चाबूक, सांग आता — इंजिनाला हाकणार होता का? आणि तुमच्या सिनेमात म्हणे तू त्याच्या कानाखाली वाजवतेस. तुझा दिग्दर्शक मला समजावत होता, त्याशिवाय टाळ्या पडत नाहीत.

काय टोचत होतं? मी म्हणाले टोचत होतं? मीच का? बरं, आता तोंडातून गेलंच आहे तर ऐक. कारखान्याचा साहेब ओरडत आला, टँकर हलव म्हणून. ड्रायव्हरने काय करावं — चावी काढून गुपचूप माझ्या हातात दाबली आणि साहेबाला म्हणाला, “चावी ह्या बाईंनी घेतली, आता मी काय करू?” पक्का लबाड. साहेब वळला माझ्याकडे, म्हणून मी हात वर केला. साहेब बुटका होता, त्याचा हात पोचेना. तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला. छापताना साहेब कापला, ड्रायव्हर कापला, उरले मी.

त्यांची नोकरी गेली. कारखाना म्हणे तू मुद्दाम थांबलास, लोक म्हणे तू कारखान्याचा माणूस. काही दिवसांनी आमच्या दारात उभे, हातात माझी चप्पल, नवा अंगठा लावून आणलेली. मी म्हटलं, दुसरीचाही झिजलाय — म्हणजे परत यायला नको का? अशी बघतेस काय? हो, तेच. मगाशी तुला दार उघडलं तेच ते. मिशी कधीच नव्हती. माझ्या वयाच्या बायकांना माहितीये सगळं, पण बोलत नाहीत. मी सुरुवातीला पेपरवाल्यांकडे जायला निघाले होते, खरं काय ते सांगायला. तर हेच म्हणाले, राहू दे, हात छान आलाय तुझा. मालिका बघितली ती जेवता जेवता, आणि वर काय, तर चाबूकवाल्याचं काम चांगलं झालंय म्हणे.

मागच्या अंगणातून आवाज येतोय ना — कुणी भांडत नाहीये. तेच आहेत. तुमच्या उद्याच्या शूटिंगला गर्दीत माणसं हवी होती, तर स्वतः जाऊन नाव देऊन आले. ड्रायव्हरविरुद्ध घोषणा द्यायच्यात, त्याचा सराव चाललाय सकाळपासून. घसा बसलाय, तरी चालूच. मी म्हटलं, स्वतःच्याच नावाने शंख करताना काही वाटत नाही का हो? तर म्हणाले, “त्या दिवशी मला तुम्हा बायांमध्ये उभं राहून ओरडायचं होतं गं. नेमका स्टिअरिंगवर बसलो होतो. राहून गेलं ते.”

मी त्यांच्या उद्याच्या शर्टाला इस्त्री करून दिली.

तेव्हा तू मार हो त्या ड्रायव्हरच्या कानाखाली, खुशाल मार, तुमच्या टाळ्या बुडायला नकोत. फक्त मारायच्या आधी एकदा गर्दीत बघ. टक्कल, जाड चष्मा, सगळ्यांत मोठ्याने ओरडणारा म्हातारा दिसेल. त्याला मधूनमधून बसायला खुर्ची मिळेल एवढं बघ, स्वतःहून मागायचे नाहीत. आणि दिग्दर्शकाला एक अक्षर — अगंबाई, आले वाटतं. ऊठ, डोळे पूस पदराने, आणि निघ. मी तुला फक्त मूठ दाखवली.