नितळ पाणी

गॅरेजच्या बाकावर एक शिक्षिका आपल्या स्कूटरची वाट बघत होती. तिच्या शेजारी एक वडील आणि त्यांची मुलगी येऊन बसले. समोर त्यांच्या जुन्या गाडीच्या रेडिएटरमधून तपकिरी पाणी बादलीत पडत होतं.

“बाबा, हा तर चहाच निघतोय.”

“इतकी वर्षं नळाचं पाणी घातलं, कधी तक्रार केली नाही तिने.”

“केली होती. घाटात वाफा सोडायला लागली, तेव्हा तुम्ही म्हणालात, दमली असेल.”

“दमलीच होती. सामान कोणाचं होतं?”

“उद्याही माझंच सामान आहे. नव्या नोकरीवर निघायचं आणि गाडी वाटेतच बसली तर?”

“म्हणून तर म्हणतोय, आठवडाभर थांब.”

“नोकरी थांबायची नाही.”

मेकॅनिकने गंज काढायचं औषध घालून इंजिन चालवलं आणि पुन्हा पाणी सोडलं.

“काका, बघा, नितळ आलं. कूलंट भरू?”

“अजून एकदा धुवा.”

“आता काही निघणार नाही हो.”

“तरी धुवा. कुठेतरी कोपऱ्यात राहिला असेल गंज.”

शिक्षिकेची स्कूटर तयार झाली होती, पण ती उठली नाही.

“बाबा, मी दर रविवारी येणार आहे.”

“मी इंजिनबद्दल बोलतोय.”

“मीही इंजिनबद्दलच बोलतेय. दर रविवारी कूलंट तुम्हीच तपासायचं. मला बॉनेट उघडता येत नाही.”

“काल तर उघडलंस.”

“आता विसरले.”

बाबांनी बादलीत वाकून पाहिलं.

“भरा हो कूलंट,” ते मेकॅनिकला म्हणाले.