आर्याचं कॉलेज कसं ठरलं

पोरीचं कॉलेज बाप ठरवतो, असं वाटतं का तुम्हाला? आमच्याकडं पवनानगरला माझे चुलते ठरवतात, आबा. माझी आर्या बारावीला काठावर पास झाली, पण हातात कला लय. तिला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं आणि आबा बीकॉमवर अडून बसलेले.

एकदा मी गोठ्यातून बघतोय, तर आबा बांधावर उभे राहून भुईमुगाच्या वावराकडं बघून ओरडतायत. "चित्रं काढून पोट भरतं व्हय रं? बोल की! मोठ्या मानसाकडं पाठ करून उभा ऱ्हातो?"

मी पळतच गेलो. "आबा, मी हितं हाय!"

आबांनी माझ्याकडं बघितलं, मग वावरात. तिथं माझा शर्ट, माझी टोपी आणि डावा खांदासुद्धा माझ्यासारखाच उतरलेला. आर्यानं केलेलं बुजगावणं होतं ते.

म्हटलं झालं, पोरीचं कॉलेज बुडालं. आबांनी वावरात उतरून बुजगावण्याभोवती एक चक्कर मारली. मग म्हणाले, "घाला तिला चित्राच्या कॉलेजात."

माझा जीव भांड्यात पडला. घराकडं वळलो, तर मागून हाक आली.

"पन ते बुजगावनं माझ्या घरी पाठव. मुकाट ऐकून घेनारं घरात येक तरी पायजे."