टेकडीवरचं घर आणि न घासलेली पायरी

(इंग्लंडमधलं कापडगिरण्यांचं गाव. जुलै १९४८. एनिडचं स्वयंपाकघर, तिची नणंद हिल्डा गिरणीतून थेट आत आलेली, अंगावर सुताची पिंज.)

हिल्डा : सिरिलशी लग्न झालं त्याच आठवड्यात मी तुला काय बजावलं होतं? आईसमोर टेकडीवरच्या त्या घराचं नाव काढायचं नाही. फिदीफिदी हसलीस तू.

एनिड : हसले. कारण गरीबखाना नाहीये तो आता. इस्पितळ आहे.

हिल्डा : पाटी बदलली. फाटक तेच ना?

एनिड : सोमवारी कायदाच गेला, हिल्डा! गरिबांना तिथे कोंडून राबवणारे सगळे जुने कायदे रद्द. मी त्यांना पेपर वाचून दाखवला.

हिल्डा : वाचून दाखवलास! अहो मास्तरीणबाई, काल तिच्यापुढे ‘कायदा’ म्हणालात, ‘गरीबखाना’ म्हणालात, आणि आज सकाळी दारात गाडी उभी केलीत. तिनं काय समजायचं?

एनिड : गाडी डॉक्टरांनी पाठवली, इस्पितळात न्यायला. छाती भरलीय त्यांची. उशीत तोंड खुपसून खोकतात, भिंतीपलीकडे तुझ्या घरात ऐकू जाऊ नये म्हणून.

हिल्डा : येतं ऐकू.

एनिड : आणि तू गप्प?

हिल्डा : ती म्हणाली गप्प बस, मी बसले. कॉलेज नाही केलं ना मी. सहा वर्षांची होती ती. बाप मेला, तिची आई पोरांना घेऊन त्या फाटकातून आत गेली. बायका-पोरी एका दारानं, पोरगे दुसऱ्या. केस भादरले. तिचा धाकटा भाऊ वॉल्टर त्या दुसऱ्या दारानं गेला तो गेलाच. तुझा नवा कायदा त्याला आणून देतोय का?

एनिड : हे मला कुणीच कधी सांगितलं नाही.

हिल्डा : कशाला सांगायचं? शाळेत धडा घेतला असतास त्याचा.

एनिड : बोल, हवं ते बोल. पण त्यांनी आतून कडी घातलीय. मी पोरीला कडेवर घेऊन हाक मारली, तर म्हणाल्या, ‘बाळाला घेऊन पळ, नाहीतर तिलाही नेतील.’

हिल्डा : कडी घालायला मीच सांगितलं. काल रात्री.

एनिड : तू?

हिल्डा : हो, मी. माझं नाव सांगत कुणी आलं तरी उघडू नकोस म्हटलं. तुझा शहाणपणा जिरवायचा होता.

एनिड : जिरवलास. आता येताना त्यांच्या दारावरून आलीस ना?

हिल्डा : आले. पडदे ओढलेत. रुसून बसलीय.

एनिड : पायरी बघितलीस?

हिल्डा : कसली पायरी?

एनिड : उंबऱ्याची. रोज सकाळी दगडानं घासून कड पांढरी करतात ती. गाडीवाल्याच्या बुटांचे ठसे आहेत तिच्यावर. सकाळचे. अजून तसेच.

हिल्डा : ...बाबांची मयत निघाली त्या दिवशीही घासली होती तिनं. लोक खोळंबले होते.

एनिड : मला माहीत आहे. म्हणून तर विचारतेय.

हिल्डा : तुझ्याशी शेवटचं कधी बोलली?

एनिड : त्या ‘पळ’ म्हणाल्या तेव्हा, दुपारी. नंतर दोनदा गेले. आतून चकार शब्द नाही.

हिल्डा : मग मला गिरणीत निरोप का नाही धाडलास, मूर्ख बाई?

एनिड : तू आली असतीस माझ्या निरोपावर?

हिल्डा : ...माझ्या हाकेलाही उघडणार नाही आता. मीच तर सांगितलंय.

एनिड : मग हाक मारू नकोस. हा दगड घे. पायरीवर बस आणि घास. मुद्दाम वाकडीतिकडी. त्यांना सहन होणार नाही, आतून ओरडतील तुझ्यावर.

हिल्डा : आणि नाही ओरडली तर?

एनिड : तर काच फोडू. मी पोरीला शेजारी ठेवून आलेच. तू जा, बघ आधी.