मॅटवरचं प्लास्टिक

एका मुलीचा खरचटलेला गुडघा.
मंत्र्यांची न मिळालेली तारीख.
रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ठेवलेली बादली, गळक्या छपराखाली.
झेंडूचा हार. वाळलेला.

काय मंडळी, तोंडाकडं बघताय? म्हणाल, बुवांचं आज काही खरं नाही! बसा शांत. या चार गोष्टी एकाच कॉलेजातल्या. आणि प्रश्नही एकच: वस्तू मोठी, की वस्तूचा मान मोठा? सांगा! — पेटीवाले सुद्धा पेटीत डोकं घालून बसले! ठीक आहे, मग ऐका.

कासारखेडं म्हणून गाव. माळावर छोटंसं कॉलेज. तिथल्या प्राचार्य सुलभाताई डहाळे. बाई शांत, पण त्या वर्षी झोप उडालेली. का? तर बारा जुलैपर्यंत पहिल्या वर्षाला चाळीस प्रवेश झाले नाहीत, तर वर्ग बंद! आज पहिलं वर्ष बंद, उद्या दुसरं, परवा कॉलेजला कुलूप.

संस्थेचे अध्यक्ष अण्णा वाघचौरे. माणूस वाईट नव्हे हो! कॉलेजवर जीव. फेब्रुवारीतच म्हणाले, “मॅडम, छपराची दुरुस्ती राहू द्या. कबड्डीची मॅट घेऊ. खेळ दिसला की पोरं-पोरी धावत येतील!”

मॅट आली. दातेरी कडांच्या चौकोनी तुकड्यांचे गठ्ठे, जाड प्लास्टिकमध्ये बांधलेले. सभागृहात रचले. वर हार घातला. आणि — तसेच ठेवले! का? उद्घाटन व्हायचं होतं ना! मंत्री येणार, फीत कापणार, मग पाय ठेवायचा. मंत्र्यांची तारीख मार्चमध्ये हुकली. एप्रिलमध्ये हुकली. जून उजाडला!

तिकडं प्राध्यापक मोटरसायकलवर वस्त्या-वस्त्या फिरतायत. हातात पत्रक, पत्रकावर मॅटचा फोटो. खेळाचे खिल्लारे सर गोरडवाडीत पोचले. बायजाबाई गोरड शेळ्यांना पाला टाकत होत्या. मुलगी कुंदा बारावी झालेली, कबड्डीत वाघीण.

बायजाबाई म्हणाल्या, “फोटो नका दावू, सर. मॅट दावा.”

दुसऱ्या दिवशी मायलेकी हजर! सुलभाताई स्वतः सभागृहात घेऊन गेल्या. कुंदानं गठ्ठ्यांवरून हात फिरवला.

“मॅडम, हिच्यावर कधी खेळतात?”

“उद्घाटन झालं की.”

“मग आता मुली कुठं खेळतात?”

खिल्लारे सरांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. बाहेर मुरूम. मुरमावर एक मुलगी गुडघा फुंकत बसलेली.

कुंदा हसली. “असले गुडघे आमच्या शाळेतबी मिळतात की!”

“चल गं,” बायजाबाई म्हणाल्या, “तालुक्याचं कॉलेज बघू.”

गेल्या! अर्ज न घेता गेल्या. मंडळी, कुणी भांडून गेलं तर समजूत काढता येते. हसून गेलं की काय करायचं?

सुलभाताईंनी तिथूनच फोन लावला. “अण्णा, मॅट उघडू?”

“अहो, मंत्र्यांच्या आधी पाय ठेवला तर कसं दिसेल?”

“आणि मंत्री येतील तेव्हा वर्गच नसेल, तर कसं दिसेल?”

फोनवर अण्णांचा आवाज, “थांबा. मी येतो.”

आले. हातात भाषणाचा कागद! सवय हो, दुसरं काय! पण इथं कागद ऐकायला कोण मोकळं होतं? सुलभाताई थांबल्याच नव्हत्या; मुली प्लास्टिक फाडत होत्या. प्राध्यापक तुकड्याला तुकडा जोडत होते — मराठीच्या सरांनी अख्खी एक रांग उलटी लावली!

“सर, दाते दात्यांत बसू द्या!” मुली ओरडल्या.

अण्णांनी कागद खिशात ठेवला, चपला काढल्या. गुडघ्यावर बसून एक तुकडा बसवला. दाबून पाहिला. म्हणाले, “मॅडम, बाहेरगावचे खेळाडू आणायचे, करंडक मिळवायचा, असं मनात होतं माझ्या. राहू द्या. आहेत त्यांना खेळू द्या. आणि पुढचा खर्च छपराचा.”

“संध्याकाळी वस्त्यांवरच्या मुलींना येऊ द्यायचं?”

“मला काय विचारता? दार उघडं ठेवा.”

दुसऱ्या दिवसापासून दार उघडं. मुली खेळतायत, आया कडेला बसून शेंगा सोलतायत. प्रयोगशाळेतली बादली तिथंच होती, हेही सांगतो. एका दिवसात सगळं होत नाही.

आता तुम्ही! हसू नका, तुमच्याकडंच वळतोय. गावात व्यायामशाळा बांधलीत. कुलूप का? वाचनालयाची पुस्तकं काचेआड, किल्ली सरपंचांच्या घरी. का? घरातल्या सोफ्यावर सहा वर्षं प्लास्टिक — कुणाची वाट बघताय? पाहुण्यांची? अहो, जे रोज दारात उभे आहेत ते कोण? देवाला मान द्यायचा तर त्याच्या लेकरांना आधी आत घ्या. उद्या सकाळी एक कुलूप काढा. एकच. एवढीच बिदागी द्या मला.

आणि हो, बारा जुलैच्या आत परत आलेल्या कुंदा गोरडचा अर्ज एक्केचाळिसावा होता.