गोदाबाईंच्या आवाजात

गोदाबाई : घोड्याएवढ्या माणसांना खोलीत कोंडायचं आणि वर त्याला शिक्षण म्हणायचं. कुणाच्या डोक्यातून निघालं हे?

दीपमाला : माझ्याच, आई. आणि कोंडलं नव्हतं. नमुन्यांच्या खोलीचं दार नुसतं लोटलं होतं. एस्केप रूम म्हणतात त्याला. आत कोडी मांडलेली असतात, ती सोडवायची आणि बाहेर पडायचं.

गोदाबाई : दार लोटलेलंच होतं, तर सरळ चालत का नाही आले बाहेर?

दीपमाला : अहो, खेळ आहे तो.

गोदाबाई : मिठाईच्या खोक्यांचा कारखाना आहे माझा. खेळायला सारसबाग आहे.

दीपमाला : व्याख्यान ठेवून बघितलं होतं की मागे. ते गृहस्थ कॉम्प्युटरवरच्या फसवणुकीबद्दल सांगत होते आणि तुम्ही पहिल्या रांगेत डुलक्या काढत होतात.

गोदाबाई : डोळे मिटून ऐकत होते मी.

दीपमाला : काय ऐकलंत?

गोदाबाई : पंखा. ते राहू दे. पोपटरावांना काय केलंस ते सांग. सकाळी आले, कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, बाई, आता दुसरा माणूस बघा. चहासुद्धा घेतला नाही. मी घरात बसून खळ लावून खोकी चिकटवत होते ना, तेव्हापासून माझे हिशेब बघतोय तो माणूस.

दीपमाला : काल त्यांचाच गट सगळ्यांत पुढे होता, आई. खोटी मेल त्यांनी बरोबर ओळखली. मी टेबलावर मुद्दाम एक पेनड्राइव्ह टाकला होता, तो कुणाला उचलू दिला नाही. भिंतीवर पासवर्डची चिठ्ठी लावली होती, ती फाडून खिशात घातली आणि लावणाऱ्याला दोन शब्द सुनावले.

गोदाबाई : लावणारी तू.

दीपमाला : मीच. शेवटचं कोडं तेवढं उरलं होतं. तेवढ्यात खोलीतला फोन वाजला.

गोदाबाई : कुणाचा?

दीपमाला : तुमचा.

गोदाबाई : काल मी कात्रजला डॉक्टरांकडे होते. गुडघ्याला शेक घेत पडले होते. कुणाला फोन करू?

दीपमाला : तेच तर. आवाज तुमचा होता, तुम्ही नव्हतात. कारखान्याच्या ग्रुपवर तुम्ही लिहीत नाही, बोलून निरोप टाकता. ते निरोप मी कॉम्प्युटरला ऐकवले. त्यानं तुमच्यासारखं बोलायचं शिकून घेतलं. आता त्याच्याकडून काहीही बोलून घेता येतं.

गोदाबाई : ऐकव.

दीपमाला : राहू द्या ना आता.

गोदाबाई : ऐकव म्हटलं.

(दीपमालाच्या मोबाइलमधून गोदाबाईंचा आवाज : "पोपटराव, बँकेचा पासवर्ड सांगा. आत्ताच्या आत्ता. कशाला म्हणून विचारत बसू नका, मला वेळ नाही.")

गोदाबाई : मी अशी बोलते?

दीपमाला : थोडं मऊ केलंय.

गोदाबाई : हं. आणि दिला त्यांनी पासवर्ड.

दीपमाला : खराखुरा दिला. मला पळत जाऊन बदलावा लागला. बाईंचा फोन आला म्हणजे खेळ थांबला, असंच वाटलं त्यांना. मग लाल दिवा लागला, पडद्यावर 'तुम्ही हरलात' असं आलं आणि बाहेरची पोरं हसली. दशरथनं तर टाळ्या वाजवल्या.

गोदाबाई : त्या दशरथकडे बघते मी.

दीपमाला : दशरथच्या गटानं पण दिला, आई. त्यांच्याकडे त्यांच्या कॉम्प्युटरचा मागितला होता. सगळ्याच गटांनी दिला. पॅकिंगच्या शर्मिलानं तर उभं राहून दिला.

गोदाबाई : उभं राहून कशाला?

दीपमाला : तुमचा फोन होता ना.

गोदाबाई : मग बाकीचे कामावर आहेत आणि पोपटरावच कसे निघाले?

दीपमाला : बाकीच्यांना गंमत वाटली. पोपटरावांना वाटतंय, तुम्हीच मला आवाज भरून दिलात. त्यांचं इमान तपासायला. म्हणजे तुम्हाला त्यांच्यावर संशय आहे.

गोदाबाई : मला? पोपटरावांवर? तू सांगितलं नाहीस?

दीपमाला : परत परत सांगितलं. म्हणाले, सूनबाई, मला शिकवू नका, बाईंचा आवाज मी ओळखतो.

गोदाबाई : आण तो फोन इकडे. उद्या सकाळी कामावर या म्हणते. येतात की नाही बघ.

दीपमाला : येतील. तुम्ही हुकूम सोडलात की येतीलच. आणि परवा कुणी तुमच्या आवाजात दुसरं काही सांगितलं की तेही करतील. म्हणून मी एक नियम करणार आहे. पैसे नाहीतर पासवर्ड मागणारा तुमचा फोन आला, तर तो ठेवून द्यायचा. मग आपण होऊन तुमच्या नंबरवर लावायचा आणि विचारायचं.

गोदाबाई : माझी माणसं माझा फोन कापणार?

दीपमाला : कापणार.

गोदाबाई : आणि वर मलाच विचारणार, बाई, तुम्हीच का? तुझ्या सासऱ्यांनी जन्मात कधी मला उलट विचारलं नाही.

दीपमाला : त्यांची छाती नव्हती.

गोदाबाई : नव्हतीच.

दीपमाला : पोपटरावांची पण झाली नाही. मी काचेतून बघत होते, आई. फोन कानाला लावून ते नुसतेच उभे राहिले होते. नंतर मी विचारलं, का थांबला होतात? म्हणाले, मनात आलं होतं, विचारावं. पण बाईंना विचारायची पद्धत नाही आपल्याकडे.

गोदाबाई : असं म्हणाले?

दीपमाला : असंच.

गोदाबाई : लाव त्यांना. आणि तुलाही ऐकू येईल असा लाव, म्हणजे नंतर मी काय बोलले ते तुला विचारावं लागणार नाही.

पोपट : हॅलो. बोला, बाई.

गोदाबाई : पोपटराव, जेवलात?

पोपट : पान वाढलंय.

गोदाबाई : कालचा आवाज माझा नव्हता.

पोपट : सूनबाई म्हणाल्या तसं.

गोदाबाई : मग पटत का नाही?

पोपट : बाई, रागावू नका. काल जो आवाज ऐकला तोच आत्ता ऐकतोय. कालचा खोटा म्हणायचा, तर आजचा कशावरून खरा? आणि आजचा खरा, तर कालचाही तुमचाच.

गोदाबाई : कशावरून म्हणजे? मी सांगतेय ना.

पोपट : काल पण असंच सांगितलं होतंत.

दीपमाला : आई, जरा हळू.

गोदाबाई : तू मध्ये बोलू नकोस. पोपटराव, ऐका. हा फोन ठेवा. तुमच्याकडे माझा नंबर आहे, त्यावर तुम्ही लावा. मी उचलते. मग काय विचारायचं ते विचारा. मी सांगेन.

पोपट : तुम्हाला विचारू?

गोदाबाई : ठेवा आधी.

दीपमाला : ठेवला त्यांनी.

गोदाबाई : दिसतंय मला.

दीपमाला : लावत नाहीयेत, आई. मी परत लावू का?

गोदाबाई : नको. पान वाढलंय म्हणाले. दोन घास खातील. थांबते मी.

दीपमाला : तुम्ही?

गोदाबाई : काय झालं? मला थांबता येत नाही का?

दीपमाला : वाजतोय. घ्या.

गोदाबाई : बोला पोपटराव. विचारा.

पोपट : बाई, माझ्यावर संशय घेतला होतात का?

गोदाबाई : नाही.

पोपट : बरं.

गोदाबाई : एवढंच विचारायचं होतं?

पोपट : नाही, बाई. पण बाकीचं उद्या कामावर आल्यावर विचारीन.